साडेतीन हजार फूट

आमचं गाव डोंगराच्या अशा पायरीवर आहे
की आभाळाला दर वेळी मन ठरवावं लागतं.
साडेतीन हजार फुटांच्या वर बर्फ, खाली पाऊस,
असं हवामान खात्याचं पत्रक म्हणतं,
आणि आम्ही बत्तीसशे फुटांवर
खिडकीत उभे राहून
उरलेल्या तीनशे फुटांची वाट बघतो.

आर्डिथ किम्झी, वय एक्क्याऐंशी, टपाल कचेरीतून निवृत्त.
तिच्या अंगणात पांढरी फळी, फळीवर पट्टी,
कुंपणाच्या खांबाला पाऊस मोजायचं भांडं.
एक्केचाळीस हिवाळे तिच्या वह्यांत आहेत.
सकाळी सातला ती आकडा कळवते
पेट्रोल पंपावरच्या रफायलला,
तो कॉफीच्या यंत्राशेजारच्या पाटीवर खडूनं लिहितो,
आणि साडेसातपर्यंत तो आकडा
गावभर फिरून
अर्ध्या इंचानं वाढलेला असतो.

एरवी आमचं एकमत कधीच नसे.
ऑर्व्हिलला बर्फ हवा,
रस्ता साफ करण्याचे पैसे त्याला तासावर मिळतात.
लुपे शाळेची बस चालवते,
चाकांना साखळ्या चढवताना तिची बोटं फुटतात,
तिला पाऊस हवा.
पोरं पायजमे उलटे घालून झोपायची, उशीखाली चमचा ठेवून,
शाळा बुडवायचा हा इथला जुना तोडगा.
नोव्हेंबरात पैजा लागायच्या,
मार्चपर्यंत कुणी कुणाचे पैसे द्यायचं नाही.

मग ऑगस्टात कालव्यामागचा डोंगर जळाला.
नऊ दिवस जळत होता.
आता तिथं मातीला धरून ठेवणारं कुणी नाही.
बर्फ पडला तर डोंगर जागच्या जागी बसेल,
पाऊस पडला तर उठून खाली येईल,
शाळेच्या सभागृहात शेरीफच्या माणसानं
इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं
की कुणी प्रश्नच विचारला नाही.
त्या दिवसापासून लुपेसुद्धा थंडी मागते.

काल रात्री ते आलं.
कालवा रस्त्यावरची अकरा घरं आधीच रिकामी केली होती,
माणसं सभागृहात खाटांवर,
म्हाताऱ्या ब्लँचर्डच्या मांडीवर त्याची मांजर, खोक्यात.
नऊ वाजता एकोणचाळीस अंश, फॅरनहाइटचे. पाऊस.
अकराला सदतीस. पाऊस.
आर्डिथ दर तासाला फोन करत होती,
रफायल मोठ्यानं आकडा सांगत होता,
आणि आम्ही त्या आकड्याकडे बघत होतो
जसं दवाखान्यात दाराकडे बघतात.
एक वाजता पस्तीस.
दोन वाजताही पस्तीसच.
पत्र्यावर पाऊस असा वाजत होता
की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे,
म्हणून कुणी बोलत नव्हतं.

तीनच्या सुमाराला
आवाज थांबला.

पाऊस थांबला की पागोळ्या ठिबकत राहतात.
हे तसं नव्हतं.
हे कुणीतरी छपरावर हात ठेवल्यासारखं होतं.
लुपे उठली, दार उघडलं,
दिव्याच्या उजेडात तो उतरत होता,
जाड, ओला, जराही घाई नसलेला.
ऑर्व्हिलनं गाडीच्या किल्ल्या शोधल्या.
कुणाचा जीव कुठल्या भांड्यात पडला, कोण जाणे.
मी भिंतीला टेकून खाली बसलो
आणि बसल्या बसल्या झोपलो.

सकाळी कळलं, गावाच्या खालच्या अंगाला
पाऊसच होता शेवटपर्यंत.
डोंगरातून थोडा चिखल आला,
ब्लँचर्डच्या कुंपणाला टेकला, तिथंच राहिला.
मांजर घरी जायला तयार नव्हती.

पाटीवर रफायलनं लिहिलं : साडेचार इंच, ओला.
आज एवढा एक दिवस
तो आकडा कुणी वाढवला नाही.

पुढचं वादळ गुरुवारी.
पाच हजार फूट, म्हणतात.
आत्ताच काही सांगता येत नाही, असंही म्हणतात.
आर्डिथ फळी झाडतेय.